ताप आणि हजेरीपट



१९१८ साली मुंबईमार्गे इन्फ्लुएन्झाची साथ खेड्यापाड्यांत शिरली, तेव्हा लोकांनी तिला ‘मानमोडी’ म्हटले. माणसांतील या रोगाचा विषाणू १९३३ साली हाती लागला. खोकल्याशिंकांच्या तुषारांवाटे तो पसरतो. तेही बहुधा ताप दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच. पूर्ण हजेरीच्या बक्षिसापायी तापलेले मूल वर्गात बसते, आणि आठवड्यात अर्धा वर्ग अंथरुणास खिळू शकतो. असले बक्षीस नसलेलेच बरे!

औषधाविना ताप उतरून एक अहोरात्र लोटेपर्यंत मुलाने घरीच विसावा घ्यावा, पाणी व पेज भरपूर प्यावी. विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत. ॲस्पिरिन तर मुलांना देऊच नये. धाप लागल्यास, ओठ निळसर झाल्यास वा मूल गुंगीत गेल्यास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.