परवलीचा शब्द कुठे ठेवावा?

गडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले, की मागाहून येणाऱ्याला पहारेकरी परवलीचा शब्द विचारीत असे. शब्द बरोबर निघाला तर दिंडी उघडायची, नाहीतर माणूस रात्रभर बाहेर. ही रीत आपणा सर्वांना ऐकून ठाऊक आहे. पण तिच्यात एक उणेपण होते. शब्द पारखायचा, तर तो पहारेकऱ्याला ठाऊक हवा. आणि त्याला ठाऊक असला, म्हणजे तो फितूर झाला किंवा शत्रूच्या हाती सापडला, की शब्दही गेला आणि गडही गेला.

मग असा पहारेकरी मिळेल का, की ज्याला परवलीचा शब्द ठाऊकच नाही, आणि तरीही समोरच्याने सांगितलेला शब्द खरा की खोटा, हे तो बिनचूक सांगतो? तुम्ही म्हणाल, हे कोडे झाले. पण हे कोडे संगणक बांधणाऱ्यांनी सोडवले आहे. ते कसे, हे आज सांगणार आहे. कारण परवलीचा शब्द आता गडावर राहिलेला नाही. शाळेतले गुरुजी मुलांची माहिती संगणकावर भरतात ती परवलीच्या शब्दाने. शेतकरी पीक विम्याचा अर्ज भरतो, बँकेतली शिल्लक पाहतो, ती त्यानेच. त्यालाच आपण रोजच्या बोलण्यात पासवर्ड म्हणतो.

ही हकीकत आहे युनिक्स नावाच्या कार्यप्रणालीची. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. कोणाला आत घ्यायचे, कोणाचे कागद कोणाला दाखवायचे, हे तो पाहतो. १९६९ साली अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातील बेल प्रयोगशाळेत, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. आपल्या खिशातला अँड्रॉइड फोन ज्या लिनक्सवर चालतो, ते याच युनिक्सच्या वळणावर बांधलेले आहे.

त्या काळी संगणक एक आणि वापरणारे अनेक, असा मामला असे. प्रत्येकाने आपले नाव सांगायचे, परवलीचा शब्द सांगायचा आणि आत जायचे. ह्या आत जाण्यालाच लॉगिन म्हणतात. मग हे शब्द ठेवायचे कुठे? पहिला उपाय अगदी साधा होता. एक वही केली. तिच्यात एकीकडे नाव, दुसरीकडे शब्द. कोणी आले, की कारभारी वही उघडून पाही.

पण वही म्हटली की ती कधी ना कधी उघडी पडतेच. १९६० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स येथील एम.आय.टी. ह्या तंत्रसंस्थेत तसेच झाले. तिथल्या संगणकावर एक व्यवस्थापक परवलीच्या शब्दांची वही दुरुस्त करीत होता. त्याच वेळी दुसरा व्यवस्थापक, आत येणाऱ्या प्रत्येकाला दिसणारी रोजची सूचना लिहीत होता. संगणकाच्या रचनेतल्या एका चुकीमुळे दोघांच्या कागदांची अदलाबदल झाली. झाले! जो आत येई, त्याच्यापुढे सूचनेऐवजी सगळ्यांचे परवलीचे शब्द छापून येऊ लागले. कोणी चोरी केली नव्हती, कोणी फितूर नव्हते. वही होती, म्हणून ती उघडी पडली.

बेल प्रयोगशाळेत रॉबर्ट मॉरिस नावाचे गणिती होते. त्यांनी आणि थॉम्प्सन यांनी युनिक्सचे हे दार कसे दुरुस्त केले, त्याची हकीकत १९७९ साली छापून प्रसिद्ध केली. त्यांनी वही जपण्याचा नाद सोडला. वही चोराच्या हाती पडणारच असे धरून चला, आणि पडली तरी तिच्यातून त्याला काही मिळू नये असे करा, हा त्यांचा विचार.

तो कसा अमलात आणला, हे कळायला आपले जातेच डोळ्यांसमोर आणा. जोंधळे जात्यात घातले की पीठ येते. पिठाचे पुन्हा दाणे करून दाखवा म्हटले, तर कोणालाही जमणार नाही. युनिक्समध्ये असेच एक गणिताचे जाते बसवले. तुम्ही परवलीचा शब्द प्रथम ठरवता, तेव्हा कारभारी तो दळतो, पीठ वहीत ठेवतो आणि दाणे विसरून जातो. पुढे तुम्ही आत यायला आलात, की तुमचा शब्द तो पुन्हा दळतो आणि हे पीठ वहीतल्या पिठाशी ताडून पाहतो. जुळले, तर तुम्ही खरे. शब्द मात्र कोठेच लिहिलेला नाही. आपले कोडे सुटले ते असे.

पण श्रोतेहो, चोरही हुशार असतो. पिठाचे दाणे करता येत नाहीत ना? मग तो आपलेच दाणे दळून पाहतो! कोशातला एकेक शब्द घ्यायचा, दळायचा, आणि वहीतल्या पिठाशी ताडायचा. युनिक्समधले पहिले जाते दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैन्याच्या एम-२०९ ह्या सांकेतिक यंत्राच्या धर्तीवर बनवले होते. ते फार चपळ निघाले. त्या वेळच्या चांगल्या संगणकावर एक शब्द दळायला सव्वा मिलिसेकंद लागे, म्हणजे सेकंदाला ८०० शब्द. ह्या वेगाने इंग्रजीतल्या सहा लहान अक्षरांचे होतील तितके सगळे शब्द साडेचार दिवसांत दळून होतात. चोराला तेवढी सवड नक्कीच असते.

म्हणून पहिली दुरुस्ती केली ती जाते जड करण्याची. नव्या जात्यातून प्रत्येक शब्द २५ वेळा दळून काढू लागले. खऱ्या माणसाला दारात क्षणभर जास्त थांबावे लागते, त्याचे काही बिघडत नाही. पण लाखो शब्द दळणाऱ्या चोराची मात्र कंबर मोडते.

दुसरी दुरुस्ती मोठी गमतीची आहे. तिला त्या मंडळींनी नावच दिले मीठ. दोघांनी एकच शब्द ठरवला, तर पीठही एकच येणार. चोराने सगळा कोश एकदा दळून ठेवला, की त्या एका दळणावर जगातली कोणतीही वही ताडता येणार. म्हणून शब्द दळताना त्यात चिमूटभर मीठ टाकायचे ठरले. मिठाचे प्रकार ४,०९६, आणि प्रत्येकाच्या वाट्याला त्यांतला कोणता तरी एक. आता शब्द सारखे असले तरी पीठ वेगळे होते. कोणाला कोणते मीठ घातले, हे वहीत उघडच लिहिलेले असते, ते लपवण्याची गरज नाही. कारण चोराला प्रत्येक मिठासाठी सगळा कोश पुन्हा पहिल्यापासून दळावा लागतो.

तिसरी दुरुस्ती थेट दारातली, म्हणजे लॉगिनची. असे समजा, की तुम्ही अनोळखी वाड्यावर थाप मारली आणि विचारले, "गोविंदराव आहेत का?" त्या नावाचे कोणी नसेल, तर आतून लगेच आवाज येतो, "नाहीत!" असतील, तर आतल्या माणसाला उठून बघून यावे लागते, आणि उत्तराला उशीर होतो. त्या उशिरावरूनच बाहेरच्याला कळते, की गोविंदराव इथेच राहतात. युनिक्सचे तसेच होत होते. सांगितलेले नावच खोटे असले, तर कारभारी शब्द दळायच्या भानगडीत न पडता लगेच नकार देई. नाव खरे आणि शब्द चुकीचा असला, तर दळण झाल्यावर नकार देई. नकार दोन्हीकडे, पण कोणती नावे खरी, हे चोराला घड्याळावरून समजे. दुरुस्ती एवढीच केली, की नाव खरे असो वा खोटे, दळण दळायचेच. मग दोन्ही नकार सारख्याच वेळाने येतात.

इतके करूनही एक भगदाड राहिले, आणि ते माणसाच्या स्वभावात होते. मॉरिस आणि थॉम्प्सन यांनी लोकांनी आपल्या मनाने निवडलेले ३,२८९ परवलीचे शब्द तपासले. १५ जणांचा शब्द एकाच अक्षराचा. ७२ जणांचा दोन अक्षरांचा, ४६४ जणांचा तीन अक्षरांचा. पुष्कळांनी सरळ कोशातले शब्द किंवा माणसांची नावे घेतली होती. एकूण २,८३१, म्हणजे शेकडा ८६ शब्द सहज हाती लागण्याजोगे निघाले. जाते कितीही जड करा, दाणेच मूठभर असले तर दळायला वेळ तो कितीसा लागणार?

पुढे जे घडले, ते एखाद्या नाटकात शोभावे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतल्या संगणकांच्या जाळ्यात एक उपद्रवी आज्ञावली सुटली. ती एका संगणकातून दुसऱ्यात शिरत गेली आणि हजारो संगणक अडकून पडले. शिरण्याच्या तिच्या वाटांपैकी एक होती परवलीचे शब्द ओळखण्याची. माणसाचे नाव दळून बघ, त्याचे आडनाव दळून बघ, नाहीतर आपल्याजवळचे ४३२ शब्द दळून बघ. आणि ते बऱ्याच ठिकाणी लागू पडत होते! ही आज्ञावली लिहिणारा विद्यार्थी होता रॉबर्ट टॅपन मॉरिस, म्हणजे ज्यांनी जाते जड केले त्या मॉरिस यांचाच मुलगा. पुढे त्याच्यावर खटला होऊन तो दोषी ठरला.

त्या आज्ञावलीला दळण ताडता आले, कारण पिठाची वही तोवर ओसरीवरच असे. संगणकातल्या इतर कामांना त्या वहीतली माणसांची नावे लागत, म्हणून ती सर्वांना वाचता येई. मग चौथी दुरुस्ती सगळीकडे रूढ झाली. नावांची वही ओसरीवर राहू दिली, आणि पिठाची वही माजघरात नेली. ती मुख्य व्यवस्थापकावाचून कोणाला उघडता येत नाही. ह्या आतल्या वहीला सावली असे नाव पडले. १९९९ साली आणखी एक जाते आले, बी-क्रिप्ट. संगणक जसजसे चपळ होतील, तसतसे हे जाते अधिक जड करता येते.

थॉम्प्सन यांच्या स्वतःच्या शब्दाचे काय झाले, तेही ऐका. एका जुन्या वहीत त्यांचे पीठ शिल्लक होते. ते २०१९ साली उकलले. आजच्या वेगवान यंत्रालाही चार दिवसांहून अधिक वेळ लागला. शब्द निघाला तो बुद्धिबळातली एक चाल: वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे! शब्द लहानच होता, पण कोणत्याही कोशात नव्हता. म्हणून तो सुमारे ४० वर्षे टिकला.

श्रोतेहो, ह्यातून आपण घरी काय न्यायचे? शिक्षकबंधूंना माझे सांगणे, की शाळेचा परवलीचा शब्द भिंतीवर चिकटवू नका, आणि शाळेचे नाव किंवा 'एक दोन तीन चार' असा तो ठेवू नका. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा. लांब शब्द चांगला. आणि बँकेला एक, शाळेला दुसरा. एकीकडची वही फुटली, तर दुसरीकडचे दार शाबूत राहील.

दुसरी गोष्ट साऱ्यांसाठी. एखादा फोन येतो, "मी बँकेतून साहेब बोलतोय, तुमचा पासवर्ड सांगा, नाहीतर खातं बंद होईल." पुष्कळ भली माणसे घाबरून सांगून मोकळी होतात. अशा वेळी आपला पहारेकरी आठवा. खऱ्या कारभाऱ्याला तुमचा शब्द ठाऊक नसतो, कारण तो ठाऊक असू नये, म्हणून तर एवढी खटपट झाली. त्याला तो तोंडी विचारण्याचे कारणच नाही. शब्द टाकायचा तो दारात, आपल्या हाताने. फोनवर जो विचारतो, तो साहेब नसतो. त्याला उत्तर एकच द्यावे आणि फोन ठेवावा: "साहेब, पीठ तुमच्याकडं आहे. दाणे आमच्या घरात राहू द्या."