ट्रॉली करावी पावसाळ्याकडे बघून

मी आंबा बागायतदार. रत्नागिरीहून पावसकडे जाताना जांभ्या दगडाचा मोठा सडा लागतो, त्या सड्याच्या उताराला आमची हापूसची कलमं आहेत. पण आज मी आंब्यावर बोलणार नाही. आंब्यावर बोलणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. मी बोलणार आहे आंबा वाहून आणणाऱ्या ट्रॉलीवर. पॉवर टिलरच्या मागे जोडतात ना, दोन चाकांची, तीच.

मागच्या वर्षी मी नवी ट्रॉली करून घेतली. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका वेल्डिंगवाल्याकडे गेलो. तरुण मुलगा. त्याने वही काढली आणि विचारायला सुरुवात केली. काका, चौकट पाइपची की चॅनलची? तळ पत्र्याचा की लाकडाचा? पाटे हवेत? टिपर हवा? ब्रेक हवेत? मुलीचं लग्न ठरवताना व्याह्यांनीसुद्धा इतकं विचारलं नव्हतं. बाकीच्या प्रश्नांना मी ‘बघू, बघू’ म्हणत होतो. ब्रेकच्या प्रश्नाला मात्र तोंडून शब्द फुटेना. कारण पहिली ट्रॉली केली तेव्हा दुसऱ्या एका कारागिराने हाच प्रश्न मला विचारला होता आणि मी ‘राहू दे’ म्हटलं होतं.

तेव्हाचा माझा हिशेब असा, की टिलर चालतो माणसाच्या चालीने. उतारावर पहिल्या गिअरात सोडला की इंजिनच त्याला आवरून धरतं. मग ब्रेक कशाला? वाचलेल्या पैशांत मी तळाला नक्षीचा जाड पत्रा घातला, फाळक्यावर पिवळ्या रंगात ‘श्री गणेश प्रसन्न’ लिहून घेतलं. दिसायला ट्रॉली झकास होती.

आता ज्यांनी टिलर चालवलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टिलरला स्टिअरिंगचं चाक नसतं. दोन मुठी असतात आणि प्रत्येक मुठीखाली एक क्लच. डावा दाबला की डाव्या चाकाची ताकद तुटते, उजवं चाक ढकलत राहतं आणि टिलर डावीकडे वळतो. सपाटीवर आणि चढावर हे असंच. उतारावर मात्र सगळं उलटं होतं. मागून ट्रॉलीचं ओझं ढकलत असतं आणि इंजिन चाकांना धरून ठेवत असतं. अशा वेळी डावा क्लच दाबला तर डावं चाक मोकळं सुटतं, पुढे धावतं, आणि टिलर जातो उजवीकडे! चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं. पण घाईत हात डोक्याला विचारत नाही. ट्रॉलीला ब्रेक असेल तर ओझं मागच्या मागे आवरता येतं आणि क्लचला हात लावायची वेळ कमी येते. मी वाचवले होते ते या ब्रेकचे पैसे.

१५ मे २०२१. तौक्ते वादळ येणार म्हणून दोन दिवस सगळीकडे इशारे चालू होते. झाडावर अजून बराच आंबा होता. जो तो घळ घेऊन कलमांखाली. आमच्याकडे अकरा हंगाम येणारा एक नेपाळी गडी होता, टिलर त्याच्याच हातात असायचा. एरवी आम्ही पंचवीस क्रेट भरतो, त्या दिवशी मी पंचेचाळीस भरायला लावले. एका क्रेटमध्ये वीस किलो धरा. उतारावरच्या फणसाशी वळण आहे. तिथे ट्रॉली ढकलू लागली, त्याने क्लच दाबला आणि टिलर उजवीकडे थेट गडग्यात गेला. मूठ आणि गडगा यांच्यात त्याचा पाय सापडला. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. दुसऱ्या दिवशी वादळ रत्नागिरीसमोरून गेलं तेव्हा आमचा उरलेला आंबा खाली पडत होता आणि मी इस्पितळाच्या बाकावर बसलो होतो. पायात पट्टी घालून तो चालायला लागला, पण पाय ओढतो. इस्पितळाचं बिल मी भरलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ती ट्रॉली मी भंगारात दिली. देण्यापूर्वी उलटी करून बघितली, आणि ते बघणं नव्या ट्रॉलीच्या वेळी फार उपयोगी पडलं. वरचा पत्रा बरा होता. खालची चौकट चौकोनी पाइपची होती. तिच्यावर हातोडी मारली तर पापुद्रे निघाले. बाहेरून रंग शाबूत आणि आतून पाइप खाल्लेला. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, शिवाय वारा समुद्राचा, खारा. पाइपमध्ये पाणी शिरतं, बाहेर यायला वाट नाही आणि रंगाचा ब्रश आत जात नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की ट्रॉली आपण एप्रिल-मे डोळ्यांसमोर ठेवून करतो. ओझं किती नेईल, खेपा किती होतील, एवढंच बघतो. प्रत्यक्षात ती दोन महिने धावते आणि पुढचे चार महिने कुजत उभी असते. सामान निवडायचं ते त्या चार महिन्यांकडे बघून.

म्हणून चौकट सी चॅनलची केली. चॅनल सगळीकडून उघडा असतो. गंज कुठे धरला ते दिसतं, घासता येतं, रेड ऑक्साइड मारता येतं. वेल्डिंगवाल्याने सुचवलं, की सगळी चौकट गरम जस्तात बुडवून आणू. कल्पना वाईट नव्हती. पण जस्त चढवल्यावर पुन्हा कुठे वेल्डिंग करायचं तर तिथलं जस्त जळतं, धूरही घातक, आणि बागेतल्या ट्रॉलीला दर दोन वर्षांनी कुठे ना कुठे टाका मारावाच लागतो. आम्ही मधला मार्ग काढला. बाजूच्या जाळ्या नटबोल्टने सुट्या होणाऱ्या केल्या आणि तेवढ्याच जस्तात बुडवून आणल्या.

तळावर मात्र आमच्या घरात चर्चासत्र झालं. चिरंजीवांचं मत अॅल्युमिनियमचा पत्रा. हलका, गंजत नाही, दिसतोही छान. पण खाऱ्या दमट हवेत अॅल्युमिनियम लोखंडाला टेकवून बोल्ट केलं, की बोल्टभोवती अॅल्युमिनियम झिजू लागतं, पांढरी भुकटी पडते. मध्ये रबराचे वायसर घातले तर चालतं, पण ते वायसर दर वर्षी कोण बघणार? लोखंडी पत्र्याचं दुखणं वेगळं. उन्हात तो तव्यासारखा तापतो. हापूस तापल्या जागेवर ठेवला की आत साका धरतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. शिवाय पत्र्यावर पाला साचतो, पाल्याखाली ओल राहते आणि तिथूनच भोक पडतं.

आमच्या मंडळींनी विचारलं, ‘पडलेला आईन आहे, त्याच्या फळ्या का नाही घालत?’ तौक्तेतच आमच्या आवारातला आईन आडवा झाला होता. त्याच्या फळ्या कापून माळ्यावर रचून ठेवल्या होत्या, चांगल्या सुकल्या होत्या. त्या घातल्या. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवली. खालून वारा येतो, पाणी निघून जातं, आणि एखादी फळी गेली तर तेवढीच बदलायची. आईन जड आहे, हे कबूल. पण तापत नाही.

पाट्यांचा प्रश्न मला सोपा वाटला होता. टिलरच्या ट्रॉलीला सहसा पाटे नसतात, आस थेट चौकटीला जोडलेला असतो. सड्यावरच्या दगडांतून ती उडत येते आणि वरचा आंबा क्रेटला आपटत येतो. मार लागलेला आंबा त्या दिवशी दिसत नाही. आढीत आठ-दहा दिवसांनी काळा डाग उमटतो, तेव्हा कळतं. आपण झाडावरून देठासकट, अलगद उतरवतो. त्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नूतन झेला काढला. आणि एवढं जपून उतरवलेलं फळ पुढच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये बडवून काढतो!

तर मी म्हटलं, घाला पाटे, जुन्या जीपचे. तेव्हा माझा पुतण्या हसला. तो काही वर्षांपूर्वी पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर ग्लायडर उडवायला शिकला. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. ते लांब कुठे शेतात उतरलं, तर पंख सुटे करायचे आणि लांबलचक बंद ट्रेलरमध्ये घालून रस्त्याने परत आणायचं. एकेक पंख सात-सात मीटरचा आणि नाजूक. तो म्हणाला, ‘काका, त्या ट्रेलरची सगळी करामत पाट्यांत नसते. पंखाच्या आकाराच्या मऊ खोबणीत पंख धरलेला असतो, तो ट्रेलरबरोबर हलतो पण ट्रेलरच्या आत हलत नाही. आणि बंद ट्रेलरलाही हवेची भोकं असतात, नाहीतर आत ओल धरते.’ मग त्याने विचारलं, ‘तुमचे जड पाटे अर्ध्या ओझ्यावर दबणार तरी आहेत का?’

नव्हतेच. जीपचे पाटे जीपच्या वजनाला केलेले. वीस-पंचवीस क्रेटना ते दगडासारखे ताठ राहिले असते. तेव्हा पाने कमी करून हलके पाटे घातले, टायरमधली हवा थोडी कमी ठेवली आणि खरा खर्च केला तो क्रेट जखडण्यावर. तळाला क्रेटच्या मापाच्या लाकडी पट्ट्या ठोकल्या, वरून दोन पट्टे आवळायचे. क्रेटमध्ये खाली आणि वर भाताचा पेंढा. एक हंगाम झाला. आढीत डागाळलेला माल डोळ्यांना दिसण्याइतका कमी झाला. मोजमाप ठेवलेलं नाही, त्यामुळे आकडा सांगत नाही.

टिपर नको म्हटलं. आंबा काही वाळूसारखा ओतायचा नसतो. आस मात्र मध्यापासून किंचित मागे घ्यायला लावला, म्हणजे थोडा भार जोडावर येतो. भार मागे गेला तर ट्रॉली टिलरला वर उचलते आणि चढावर चाकं नुसती फिरतात.

आणि ब्रेक. दोन्ही चाकांना ड्रम, पायाखाली पेडल. पेडलपासून केबल न घेता सळई घेतली, कारण केबल वेष्टनाच्या आत गंजते आणि ऐन वेळी अडकते. उभी करताना लावायला वेगळी कडी. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा. पावसाळ्यात ट्रॉली उभी कराल तेव्हा ब्रेक ओढून ठेवू नका. चार महिन्यांत ब्रेकचा गट्टू ड्रमला चिकटून बसतो आणि ऑक्टोबरात चाक फिरत नाही. किंवा फिरतं आणि ब्रेक लागत नाही. ब्रेक मोकळा ठेवायचा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायचे, दांडी थोडी वर उचलून ठेवायची म्हणजे फळ्यांवर पाणी थांबत नाही. मागे लाल चकाकणारी पट्टी लावा. संध्याकाळी डांबरी रस्ता ओलांडताना मागच्या गाडीला ट्रॉली दिसत नाही.

या हंगामात आमचा तो गडी परत आला. टिलर आता त्याचा पुतण्या चालवतो. तो स्वतः मांडवात बसून आंबा निवडतो. पहिल्याच दिवशी त्याने ट्रॉलीभोवती एक फेरी मारली. खाली वाकून ड्रम बघितला, हाताने पेडल दाबून बघितलं. मग पाय ओढत गडग्याशी गेला, एक चिरा घेऊन आला आणि चाकामागे लावला. मी म्हटलं, ‘अरे, आता ब्रेक आहे.’

‘असू दे,’ म्हणाला.