वारशाने आलेली दुनळी बंदूक

बडोद्यातील एखाद्या जुन्या मराठी वाड्यात आजोबांच्या पश्चात दुनळी बंदूक निघते, तेव्हा पहिला प्रश्न किमतीचा होतो. वास्तविक तो परवान्याचा असावा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार मृताचा परवाना वारसास चालत नाही. बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतः अर्ज करावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण नागरिकास, वारशाची धरून, दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात.

बंदुकीची ओळख नळ्यांच्या तळाशी असलेल्या लंडन वा बर्मिंगहॅमच्या चाचणीमुद्रा, कारागिराचे नाव आणि अनुक्रमांक यांवरून पटते. त्या खुणा घासून उजळू नयेत. नळीवर लोखंड-पोलादाच्या पट्ट्यांची वळणदार नक्षी असल्यास आजच्या काडतुसाने ती फुटण्याचा संभव असतो. म्हणून बार काढून पाहू नये. आजोबांचे शस्त्र त्यांच्या नावाला साजेल अशा रीतीने सांभाळावे, ही विनंती.