जीवनाला उत्तर देणारा मनुष्य



'मी कशासाठी जगावे?' हा प्रश्न पोटाची भ्रांत असताना पडतो, आणि पोट भरल्यावरही पडतो. हा रिकामटेकड्यांचा प्रश्न आहे, असे म्हणून त्याची वासलात लावणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्याचे आईबाप, पत्नी व भाऊ गेले आणि ज्याच्या नावाच्या जागी ११९१०४ हा आकडा आला, त्या मनुष्याने या प्रश्नाचा काय विचार केला, हे आपण ऐकून घेतले पाहिजे. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. व्हिक्टर फ्रँकल (१९०५–१९९७) हे ते गृहस्थ होत.

अस्तित्ववादाचे सांगणे

मनुष्याचे स्वरूप जन्माबरोबर ठरून येत नाही. तो आधी अस्तित्वात येतो आणि मग आपल्या निवडीने व कृतीने स्वतःला घडवितो, असे सार्त्र यांनी २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसच्या व्याख्यानात प्रतिपादन केले. हे स्वातंत्र्य मोठे आहे आणि त्याचा भारही तेवढाच मोठा आहे. अस्तित्वाचे सखोल विवेचन करणारे जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर १९३३ साली नाझी पक्षाचे सभासद झाले, हे विसरून चालणार नाही. विचार कितीही खोल असला तरी शेजाऱ्याविषयीची जबाबदारी त्यातून वगळली, तर तो मनुष्याला अधर्मापासून वाचवू शकत नाही. म्हणूनच फ्रँकल स्वातंत्र्याच्या जोडीला जबाबदारी बसवितात. सार्त्र यांच्याशी त्यांचा आणखी एक मतभेद आहे. अर्थ मनाने निर्माण करावयाचा नसून समोरच्या परिस्थितीत तो शोधून काढावयाचा असतो, असे त्यांचे मत होते.

विचाराची कसोटी

फ्रँकल यांची 'लोगोथेरपी', म्हणजे अर्थशोधाची उपचारपद्धती, छावणीत जन्मली असा समज आहे. तो बरोबर नाही. १९३३ ते १९३७ या काळात ते व्हिएन्नाच्या मनोरुग्णालयात आत्महत्येच्या वाटेवर असलेल्या स्त्रियांवर उपचार करीत होते. पुढे अमेरिकेचा परवाना हाती आला असताना, वृद्ध आईबापांना सोडून जाणे योग्य नव्हे म्हणून त्यांनी तो वाया जाऊ दिला. सप्टेंबर १९४२ मध्ये त्यांची, पत्नीची व आईबापांची टेरेझिनला रवानगी झाली. तेथे वडील वारले. ऑक्टोबर १९४४ मध्ये आउश्वित्झला पोहोचल्यावर त्यांच्या ग्रंथाचे हस्तलिखितही गेले. आईचा तेथील विषारी वायूच्या कोठडीत अंत झाला, तर पत्नी बर्गेन-बेल्झेन येथे मरण पावली. २७ एप्रिल १९४५ रोजी त्यांची सुटका झाली. अखेरच्या छावणीत, तापाने फणफणत असताना, त्यांनी तो हरवलेला ग्रंथ कागदाच्या चिटोऱ्यांवर पुन्हा टिपावयास घेतला होता.

उपचार कसा चालतो

'मला जीवनाकडून काय मिळेल?' असे रोगी विचारतो. फ्रँकल प्रश्नच उलटा करतात : 'जीवन तुम्हाला विचारीत आहे, तुमचे उत्तर काय?' हे उत्तर तीन मार्गांनी देता येते. पहिला मार्ग कार्याचा, दुसरा प्रेमाचा व सौंदर्याच्या अनुभवाचा. जे दुःख टळणारच नाही, त्याच्यापुढे मनुष्य कोणत्या वृत्तीने उभा राहतो, हा तिसरा. पत्नीच्या निधनाने खचलेल्या एका वृद्ध डॉक्टरांना त्यांनी विचारले, 'आपण आधी गेला असता तर?' ते म्हणाले, तिला हे दुःख असह्य झाले असते. 'मग ते तिच्या वाट्याचे दुःख आपण सोसत आहात,' एवढेच फ्रँकल बोलले. दुःख गेले नाही, पण त्याला अर्थ आला.

एक धोका

येथे तुम्ही सावध राहा. 'दुःखात अर्थ शोध' हा उपदेश पिडणाऱ्याच्या तोंडी गेला की तो पिडलेल्याला गप्प बसविण्याचे हत्यार होतो. फ्रँकल यांना हे मान्य नव्हते. जे दुःख टाळता येते त्याचे कारण दूर करणे, यातच अर्थ आहे. विनाकारण सोसण्यात शौर्य नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. मजुरी बुडविली असेल तर दावा करा, मारहाण होत असेल तर फिर्याद द्या. तेथे वृत्ती बदलून भागत नाही. दुसरेही लक्षात ठेवा. ज्यांना जगण्याचे कारण सापडले ते सर्व वाचले, असे नव्हे. आपल्यातील उत्तम माणसे परतली नाहीत, अशी कबुली खुद्द फ्रँकल यांनीच दिली आहे. सबब, जो खचला त्याला दोष देण्याचा अधिकार या विचाराने कोणासही मिळत नाही. खिन्नता हा आजार असेल तर त्यावर वैद्यकीय उपचारच हवेत. फ्रँकल हे स्वतः औषध देणारे डॉक्टर होते.

तात्पर्य, आज रात्री एका कागदावर आपल्या दुःखांचे दोन भाग पाडा : टाळता येण्याजोगे आणि न टाळता येण्याजोगे. पहिल्या भागासमोर उद्या करावयाची एक कृती लिहा. दुसऱ्या भागासमोर, ज्याच्यासाठी आपण ते ताठ मानेने सोसू असे एक कार्य किंवा एक नाव लिहा. ही वाटणी दुसऱ्या कोणाला करू देऊ नका. आपले कोणते दुःख अटळ आहे, हे ठरविण्याचा अधिकार ज्याने दुसऱ्याच्या हाती दिला, त्याचे निम्मे स्वातंत्र्य तेथेच संपले.