संमेलन दसऱ्याच्या आत घ्या
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

ज्यांच्या छडीचा आणि मायेचा प्रसाद आम्ही सारखाच खाल्ला ते माझे गुरुजन, आणि चौथीच्या वर्गातल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला 'प्राथमिक शाळेतले उपक्रम' हा विषय दिला आहे. माझ्या आधी बोललेल्यांनी स्नेहसंमेलनाच्या आठवणी सांगितल्या. ऐन दरबारात महाराजांची मिशी गळून पडली आणि सगळा मांडव हसला, हे ऐकून आज मीही पोट धरून हसलो. पण खरं सांगतो, ती मिशी गळताना मी पाहिली नाही. चार वर्षांत शाळेचं एकही संमेलन मी पाहिलेलं नाही. या स्मरणिकेत जुने फोटो छापले आहेत, त्यात मला शोधू नका. फोटो निघाला तेव्हा मी उसाच्या फडात होतो. आणि मी काही एकटा नव्हतो.

आपल्या गेवराई तालुक्यातल्या कितीतरी घरांचं वर्ष दोन तुकड्यांचं असतं. जूनपासून दसरा-दिवाळीपर्यंत गाव आणि पुढे चैत्रापर्यंत कारखाना. मुकादमाची उचल घेतलेली असायची. ट्रक दारात आला की भांडीकुंडी, कोयते, कोंबड्या, लेकरं, सगळं त्यात चढायचं. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. माणसाचं नावही मागे गावातच राहतं.

शाळेचं वर्षही तसंच दोन तुकड्यांचं होतं, हे मला पुढे स्वतः मास्तर झाल्यावर कळलं. पहिल्या तुकड्यात झाडं लावायची, १ ऑगस्टला टिळक आणि अण्णा भाऊंवर भाषणं करायची, १५ ऑगस्टला प्रभातफेरी काढायची, ५ सप्टेंबरला मुलांनीच गुरुजी व्हायचं. दुसऱ्या तुकड्यात बालदिन, क्रीडास्पर्धा, सहल, आनंदमेळा, संमेलन आणि २६ जानेवारीची लेझीम. म्हणजे नटण्याचं, खेळण्याचं, फिरण्याचं जे काही असेल ते सगळं आम्ही गेल्यावर! यात कोणाचा दुष्टावा नव्हता. थंडीत पाऊस नसतो, सुगीनंतर लोकांच्या हाती पैसा असतो, म्हणून सगळीकडेच तसा रिवाज पडला. पण रिवाज पाडताना ट्रकचं वेळापत्रक कोणी पाहिलं नाही.

चौथीत ऑगस्टपासून लेझमीचा सराव सुरू झाला. मी पहिल्या रांगेत होतो. बाई म्हणायच्या, "तुझा हात तालात पडतो." दिवाळी झाली, ट्रक आला, माझी लेझीम दुसऱ्या मुलाच्या हाती गेली. लेझमी मोजक्याच होत्या, बाई तरी काय करणार? फडावर संध्याकाळी कोपीसमोर मी उसाची दोन टिपरं हातात घेऊन सगळे हात करून बघायचो. प्रेक्षक एकच, धाकटी बहीण. बाप म्हणायचा, "बास झालं आता, टाक ती टिपरं बैलाम्होरं."

तरीही या शाळेच्या उपक्रमांचं माझ्यावर मोठं ऋण आहे. दर शनिवारी आपली बालसभा भरायची. अध्यक्ष आपल्यातलाच, सूत्रसंचालन आपलंच, आभारही आपणच मानायचे. कारखान्याच्या काट्यावर गाडीचं वजन झालं की चिठ्ठी मिळायची. आमच्या टोळीत ती वाचणारं कोणी नव्हतं. मी उभा राहून मोठ्याने वाचायचो: भरलेली गाडी किती, रिकामी किती, ऊस किती. वजाबाकी मी वर्गात शिकलो होतो, पण मोठ्या माणसांच्या घोळक्यात आवाज न कापता बोलायला बालसभेत शिकलो. ज्याचं अर्धं पुस्तक दरवर्षी न शिकता राहतं, त्याच्यापाशी शेवटी गळ्यात आणि अंगात बसलेलंच उरतं. म्हणून मी या गोष्टींना 'अभ्यासाव्यतिरिक्त' म्हणत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही मुलाचा सर्वांगीण विकास आणि कृतीतून, भीतीशिवाय शिकणं लिहिलेलं आहे. ते हजर राहणाऱ्यांपुरतं लिहिलेलं नाही.

मी शिकवायला लागलो त्या वाडीवरच्या शाळेत आम्ही एक बदल केला. संमेलन १७ सप्टेंबरला घेतलं. हा दिवस आपला आहे. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण आपण निजामाच्या राज्यात होतो, आपल्याला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वाट पाहावी लागली. तेरा महिने मागे राहणं म्हणजे काय, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. लोकांनी शंका काढल्या. "पाऊस आला तर?" आला, दोनदा आला, आम्ही व्हरांड्यात नाच बसवला. "पितरपाटात कार्यक्रम करता व्हय गुर्जी?" म्हटलं, झेंड्याला पितरपाट आडवा येत नाही. "आत्ता हातात पैसा नाही." मग भाड्याचे कपडेच बंद केले. आईचं लुगडं, बापाचा फेटा, एवढ्यावर भागलं.

आता कोणी म्हणेल, हंगामी वसतिगृहं झाली, बरीच लेकरं आजीजवळ गावातच राहतात, मग अडचण कुठे आहे? अडचण प्रेक्षकांत आहे. जानेवारीत लेकरू रंगमंचावर असतं आणि त्याची माय फडात मोळी बांधत असते. १७ सप्टेंबरला ती समोर बसलेली असते. आमच्या पहिल्या संमेलनात एक बाई कार्यक्रम संपल्यावरही उठेनात. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "गुर्जी, माझी पोरगी इतकं बोलती, हे मला ठावंच नव्हतं."

मित्रांनो, आज आपण वर्गणी काढून शाळेला रंगमंच बांधून देण्याचं ठरवतो आहोत. माझी वर्गणी मी दिली आहे. दोन मागण्या करतो. रंगमंचावर पत्रे टाका, म्हणजे भाद्रपदातही तो कामाला येईल आणि त्याच्यावरचं पहिलं संमेलन दसऱ्याच्या आत होईल. आणि चैत्रात जी लेकरं परत येतात त्यांना मुकाट्याने शेवटच्या बाकावर बसवू नका. एक शनिवार त्यांची बालसभा घ्या. फड, काटा, कोपी, परक्या मुलखातली बोली, किती काय पाहून आलेली असतात ती! त्यांना बोलू द्या, बाकीच्यांना ऐकू द्या.

पुढची स्मरणिका निघेल तेव्हा तिच्यातल्या फोटोत सगळा वर्ग असावा, एवढंच मागणं मागतो आणि थांबतो.