घायपाताचा वाख: आधी वजन, मग कर्ज

(कर्वेनगर, पुणे येथे बचतगटांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपण बसलोय ते कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे. अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली विधवांचा आश्रम इथं आणला, तेव्हा सुरुवात एका झोपडीनं झाली. मला आज बोलायचंय तेही माळावरच्याच गोष्टीबद्दल. घायपाताबद्दल.

हात लागला की आग होते, अशी खाजरी झाडं आपल्या डोंगरातही आहेत. पूर्व नेपाळातल्या राई बाया अशाच एका झाडाची, अल्लोची, साल सोलतात. राखेच्या पाण्यात उकळतात, ओढ्यावर बडवून धुतात, पांढरी माती चोळून तंतू मोकळे करतात आणि टकळीवर सूत काढतात. त्याचं कापड होतं.

हे ऐकून काहीजणी विचारतात, मग घायपाताची साडी होईल का? नाही हो. अल्लो बारीक, आपला वाख जाड आणि राठ. त्याचं दावं, कासरा, पायपुसणं, चटई, पिशवी उत्तम होते. साडीचं स्वप्न दाखवून कोणी यंत्र विकायला आलं, तर चहा पाजा आणि वाटेला लावा!

आता वजनाचं बघा. १०० किलो ओल्या पानांतून वाख निघतो साधारण ३-४ किलो. बाकी पाणी आणि गर. पानं टेम्पोत भरून तालुक्याला नेली, तर भाडं पाण्याचंच भरलं की! वाख बांधाजवळच काढायचा, गर तिथंच खड्ड्यात खताला टाकायचा. कुजवून काढणार असाल, तर गुरांच्या पाणवठ्यावर बिलकूल नको. रस अंगावर उडाला की खाज सुटते, म्हणून लांब बाह्यांचा सदरा घाला. यंत्रावर बसणारीनं पदर खोचायचा, बांगड्या उतरवायच्या. तिथं हात जायला वेळ लागत नाही.

कापताना खालची, आडवी झालेली पानं घ्या, मधली कोवळी राखा. उंच दांडा येऊन फुललं की ते झाड मरतं, पण बुडाशी पिलं असतात. ती बांधावर लावा.

कर्जाच्या अर्जावर सही करायची घाई नको. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं १०० किलो पानांचा वाख वाळवून, तोलून आणा. सोबत कागदावर लिहा: किती जणी, किती तास, आणि बाजारात दाव्याला काय भाव मिळाला. मग यंत्राचा हप्ता त्याच्याशेजारी मांडू.