उतारशाळेचा हिशेब

(अमरावती व अकोला परिसरातील ख्रिस्ती मंडळ्यांच्या मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



आम्ही उपदेशक नाही. वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत आणि आमचे आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले. रविवारचा विश्वास सोमवारच्या कामात कसा उतरावा, याविषयी बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा आम्हांस चांगल्या शोमरोन्याची कथा आठवली. त्याने जखमी वाटसरूस उचलले, हे सर्वांच्या ध्यानी असते. परंतु त्या कथेत हिशेबही आहे. उतारशाळेच्या चालकाच्या हाती त्याने दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी ठेवली आणि अधिक खर्च झाल्यास परतताना फेडण्याचा शब्द दिला. दया क्षणात घडते. शब्द पाळण्यास मात्र पुन्हा त्याच वाटेने यावे लागते.

त्या कथेत आमची जागा उतारशाळेच्या चालकाची आहे आणि ती आम्ही एकदा सांभाळली नाही. काही वर्षांपूर्वी एका शनिवारी सायंकाळी मेळघाटातून एक गृहस्थ आजारी पत्नीला घेऊन आले. जवळ अनामत रक्कम नव्हती, उत्पन्नाचा दाखलाही नव्हता. प्रकृती तातडीची नाही असे समजून आम्ही त्यांना दाखला आणण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी उपासनेत हीच कथा वाचली गेली आणि आम्ही मान डोलावली. सोमवारी दुपारी दाखला आला, तोवर त्या माउलीचा आजार बळावला होता. त्या वाचल्या, परंतु ते दोन दिवस आम्हांस कोणत्याच खाती टाकता आले नाहीत.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार व २००६ पासून अमलात आलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांस मोफत व १० टक्के दुर्बल घटकांस सवलतीने द्यावयाच्या असतात. आमच्या वहीत ती टक्केवारी पूर्ण होती. वही बिनचूक होती. चूक आमची होती. कायद्याची मोजणी जेथे संपते, तेथे विश्वासाचे काम सुरू होते.

त्यानंतर आम्ही क्रम बदलला : आधी खाट, मग कागद. मंडळीतील काही सभासद आता आळीपाळीने नातलगांबरोबर तहसील कार्यालयात जातात. काही भगिनी घरी परतलेल्या रुग्णांची आठवडाभराने विचारपूस करतात. कोणाचाही धर्म विचारला जात नाही. शोमरोन्यानेही तो विचारला नव्हता.

ही शिकवण वऱ्हाडास नवी नाही. अचलपूरजवळ कोठारा येथे ख्रिस्ती मिशनने कुष्ठरुग्णांची सेवा केली. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील वाशीम येथे १९३८ साली रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. त्यामागे डॉ. ऑर्फा स्पायकर यांचे परिश्रम होते. १९३६ साली भारतात आलेल्या या बाई सुमारे चार दशके येथे राहिल्या. ही केवळ आपल्या मंडळीची मिरास नव्हे. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांस घर दिले आणि याच जिल्ह्यात जन्मलेल्या संत गाडगे महाराजांनी ठिकठिकाणी धर्मशाळा, म्हणजे उतारशाळाच, उभारल्या.

प्रत्येकास रुग्णालय काढता येणार नाही. परंतु कापसाचा काटा खरा ठेवता येतो, घरकाम करणाऱ्या बाईंची मजुरी वेळेवर देता येते, शेजारच्या रुग्णाकडे दुसऱ्यांदा जाता येते. पहिली भेट बहुधा शिष्टाचाराची असते. दुसऱ्या भेटीत विश्वास दिसतो.

देणगीदारांनी आमच्या हाती आपले दोन दिनार ठेविले आहेत. त्यांचा हिशेब पुढील पानांवर दिला आहे. उरलेला हिशेब आपणा सर्वांस रोज द्यावयाचा आहे. तो देण्याचे बळ प्रभू आपणांस देवो, ही प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.